जहाजाची नोंदवही आणि आपलं जनरल रजिस्टर



इतिहासाच्या पुस्तकात ‘इतिहासाची साधने’ हा पाठ सुरुवातीलाच येतो. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुलं तीन व्याख्या पाठ करतात, पेपरात दोन-तीन गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. मीही बरीच वर्षं हा पाठ असाच दोन तासांत उरकत असे. एका प्रसंगाने माझी ही सवय मोडली. तो प्रसंग आणि त्यातून तयार झालेला पाठ आज तुमच्यासमोर ठेवते आहे. आवडला तर आपल्या वर्गात जरूर घ्या.

प्रसंग असा घडला

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी, डिसेंबर महिन्यात, दुपारच्या सुट्टीत एक रिक्षा शाळेच्या फाटकाशी थांबली. साठीच्या आसपासचं एक जोडपं उतरलं. मॉरिशसहून आले होते. बाईंचं मराठी आपल्यापेक्षा थोडं वेगळं, पण समजत होतं. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद होता. त्यांच्या काकांनी फार पूर्वी जुन्या नोंदवहीतून हाताने उतरवून घेतलेला. त्यावर एक क्रमांक होता, एक नाव, बापाचं नाव, वय २२, कपाळावर डाव्या बाजूला व्रण, गावाचं नाव, जिल्हा रत्नागिरी, जहाजाचं नाव आणि मॉरिशसला पोचल्याची तारीख. एवढंच.

बाई म्हणाल्या, “हा आमच्या आजोबांचा आजोबा. हा गाव कुठे हाय, तुम्ही सांगाल काय?”

मी गावाचं नाव वाचलं आणि दोन मिनिटांत सांगून टाकलं, “अहो, हे तर आमच्या पलीकडचंच गाव!” मग काय, आम्ही सगळेच निघालो. नववीची चार मुलंसुद्धा बरोबर आली. गावात देवळासमोर नारळ फोडला, चहा झाला, ग्रामस्थांनी कौतुक केलं. बाईंनी एका स्टीलच्या डब्यात मूठभर लाल माती भरून घेतली. डोळे पुसले. आम्हीही पुसले.

संध्याकाळी परत येताना एका मुलीने मला विचारलं, “बाई, त्या कागदावर तालुका होता का?”

तालुका नव्हता. तो मी पाहिलाही नव्हता. पुढे काय झालं ते सांगते, पण आधी ही माणसं समुद्रापार गेली कशी ते पाहू. मुलांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर पुढची नोंद त्यांना नुसती आकडेमोड वाटते.

थोडी पार्श्वभूमी

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं छोटंसं बेट. तिथे उसाचे मळे होते आणि मळ्यांत गुलाम राबत होते. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली, मॉरिशसमध्ये ती १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानातून आणायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात पोचलं. त्यांच्याशी पाच वर्षांचा करार झाला होता, पगार महिना ५ रुपये. मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला आजही सार्वजनिक सुट्टी असते.

करार म्हणजे इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’. बोलताना त्याचं झालं ‘गिरमिट’, आणि करारावर गेलेला माणूस झाला ‘गिरमिटिया’. १८३४ ते १९२० या काळात मॉरिशसला जवळजवळ पाच लाख गिरमिटिये गेले. मध्ये १८३९ साली मजुरांच्या हालअपेष्टांवरून ओरड झाली म्हणून ही वाहतूक बंद केली गेली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, पण फक्त तीन बंदरांतून आणि सरकारी देखरेखीखाली : कलकत्ता, मद्रास आणि मुंबई.

या तिन्हींत मुंबई बंदरातून गेलेले लोक सर्वांत थोडे. पण त्यांत आपल्या कोकणातले बरेच होते. कातळाची जमीन, भातशेती पावसाच्या भरवशावर, वर खोताचा वाटा. पोट भरायला घाटावर किंवा मुंबईला जाणं कोकणी माणसाला नवं नव्हतं. मुंबईच्या धक्क्यावर पोचलेल्या माणसाला आणखी पुढे नेणारा मुकादम भेटला, तर तोही जहाजात चढे. कुणी खुशीने गेला, कुणाला नीट काही न सांगता नेलं गेलं. मुलांना दोन्ही सांगावं. पुढे मुंबईत रेल्वे आली, गिरण्या निघाल्या, गोदी वाढली आणि काम इथेच मिळू लागलं. मग समुद्रापार जायची गरज कमी होत गेली.

आणखी एक धागा वर्गात आवर्जून सांगा. ही करारपद्धत बंद व्हावी म्हणून ज्यांनी कायदेमंडळात आवाज उठवला, त्यांत गोपाळ कृष्ण गोखले पुढे होते. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. १९१० साली त्यांनी नाताळला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. १९१२ मध्ये ही पद्धतच पूर्ण बंद करावी असा ठराव त्यांनी मांडला, तो मात्र सरकारने फेटाळला. पुढे १९१७ साली मजूरभरती थांबली. तेव्हा गोखले हयात नव्हते.

नोंदवहीत काय सापडतं?

मजूर जहाजातून उतरले की त्यांना पोर्ट लुईच्या इमिग्रेशन डेपोत नेत. हा डेपो १८४९ साली बांधायला घेतला. आज ती जागा ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखली जाते आणि २००६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बंदरातून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आजही तिथे आहेत. सोळा पायऱ्या. त्या चढून वर गेलं की कारकुनापुढे उभं राहायचं.

कारकून काय लिहून घेई? प्रत्येकाला एक क्रमांक. मग नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज, पोचल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं ते. १८६० च्या दशकापासून मजुरांचे फोटोही काढले जाऊ लागले. या जुन्या वह्या आज मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत. मॉरिशसची हजारो कुटुंबं तिथे आपलं मूळ शोधतात. हा नुसता हौसेचा विषय नाही बरं का. मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपतींनी मॉरिशसमध्ये जाहीर केलं, की तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांनाही ओसीआय कार्ड मिळू शकेल. पण पिढ्यांची साखळी कागदाने जोडून दाखवायची तर या वह्यांतली नोंद लागते.

आता इथे थोडं थांबा, आणि शिक्षकांनो, आपलं जनरल रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. रजिस्टर नंबर, नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. तेच रकाने! समोर माणूस उभा आहे, मागे रांग लागली आहे, आणि टेबलामागचा माणूस ऐकू येईल तसं लिहितो आहे. ही जहाजाची वही आपल्याला परकी नाही. आपण रोज तीच वही भरतो आहोत. ती कशी भरली जाते आणि त्यात काय काय चुकतं, हे शिक्षकाइतकं कुणाला माहीत असणार?

नोंद वाचताना काय काय सांभाळायचं?

१. नाव. नाव सांगणारा मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीत बोलतो आहे. लिहिणारा कारकून इंग्रजी अक्षरांत लिहितो आहे. पोचल्यावर पुन्हा लिहिणारा आणखी तिसरा, त्याच्या कानाला फ्रेंचची सवय. इंग्रजी लिपीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘त’ आणि ‘ट’ यांत फरक नाही. त्यामुळे बाळा झाला ‘बाला’, तुकाराम झाला ‘टूकाराम’, सखारामातला ‘ह’ गळला की ‘सकाराम’. एकच माणूस दोन वह्यांत दोन तऱ्हेने लिहिलेला असू शकतो. म्हणून नाव वाचताना डोळ्यांनी वाचू नये, मोठ्याने उच्चारून पाहावं.

२. आडनाव. बहुतेक नोंदींत आडनाव नसतंच. नाव आणि बापाचं नाव, झालं. पुढच्या पिढ्यांना आडनाव हवं झालं तेव्हा आलेल्या पूर्वजाचं नावच आडनाव बनलं. मॉरिशसमधल्या मराठी घरांची आडनावं ऐकलीत तर त्यांत कुणाचे बाबाजी, कुणाचे सखाराम दडलेले ऐकू येतात. तेव्हा आपल्या गावात त्या आडनावाचं घर शोधत बसलं तर हाती काही लागणार नाही.

३. वय. नोंदींमध्ये २०, २५, ३० अशी वयं फार दिसतात. एवढे सगळे नेमके पाचाच्या पाढ्यात कसे? आपल्याला याचं उत्तर ठाऊक आहे. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण नाव घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नव्हती आणि गुरुजींनी १ जून लिहून टाकली. जहाजाच्या वहीतलं ‘वय २५’ हे त्यांचं १ जून समजा. दोन-चार वर्षं इकडे, दोन-चार वर्षं तिकडे.

४. गाव आणि जिल्हा. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. ‘रत्नागिरी’चं जुनं इंग्रजी स्पेलिंग वाचलं तर ‘रटनाघेरी’ असं काहीतरी ऐकू येतं. ते ओळखता येतं. पण त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. १ मे १९८१ ला त्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. मालवण, देवगड तेव्हा रत्नागिरीतच. सावंतवाडी मात्र संस्थान होतं, ते १९४८ मध्ये विलीन झालं. आजच्या रायगडचं नाव तेव्हा कुलाबा. म्हणजे नोंदीत ‘रत्नागिरी’ असेल तर आजचे दोन जिल्हे पाहायला हवेत. शिवाय एकाच नावाची किती गावं! वरवडे म्हटलं तर एक रत्नागिरी तालुक्यात आणि एक कणकवली तालुक्यात. नांदगाव तर विचारूच नका. वाड्यांची नावं धरली तर मोजदादच नाही.

५. जात. या रकान्यावर घाईने निष्कर्ष काढू नये. परक्या कारकुनाने ‘मराठा’ लिहिलं, तर त्याला जात म्हणायची होती की मराठी मुलखातला माणूस म्हणायचं होतं, हे एका शब्दावरून कळत नाही. आणि वर्गात हा पाठ घेताना मुलांना जातीचा रकाना भरायला लावू नका. तो रकाना वहीत होता एवढं सांगावं आणि पुढे जावं.

६. बायकांच्या नोंदी. बाईच्या नावापुढे बापाचं नाव आहे की नवऱ्याचं, ते तपासावं लागतं. माहेरचं गाव एक, सासरचं दुसरं. कारकुनाने कोणतं लिहिलं?

या सगळ्यांत त्यातल्या त्यात भरवशाचं काय, तर क्रमांक. नाव बदलतं, स्पेलिंग बदलतं, पण डेपोत मिळालेला क्रमांक माणसाच्या पुढच्या कागदांवर येत राहतो. माणसाला नंबर देणं ही गोष्ट क्रूरच. पण त्याच नंबरावरून आज त्याची पाचवी पिढी त्याला शोधून काढते आहे. हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं एकदम गप्प झाली.

शोध कोणत्या क्रमाने घ्यावा?

पहिली पायरी घरातली. आजी-आजोबांकडून नावं, ऐकीव गोष्टी, देवाचं नाव, सणांच्या रीती लिहून घ्याव्यात. आपल्या माहितीत ‘असं म्हणतात’ किती आणि ‘असं लिहिलेलं आहे’ किती, ते दोन वेगळ्या रकान्यांत मांडावं.

दुसरी पायरी उलट दिशेने चालायची. आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं. जन्मदाखला, लग्नाची नोंद, मृत्यूची नोंद. मधली पिढी गाळून एकदम जहाजावर उडी मारली की दुसऱ्याच कुणाचा तरी पणजोबा आपला वाटू लागतो.

तिसरी पायरी मूळ नोंदीची. उतरवून घेतलेल्या कागदावर थांबू नये. शक्य असेल तर मूळ पानाची प्रत मिळवावी, कारण उतरवताना चूक होते. फळ्यावरचं वहीत उतरवताना आपली मुलं काय करतात ते आपण बघतोच.

चौथी पायरी जहाजाची. जहाजाचं नाव आणि तारीख मिळाली की जहाजाचीही माहिती काढता येते. लंडनच्या ‘लॉइड्स रजिस्टर’मध्ये अठराव्या शतकापासून जहाजांची वर्षवार यादी छापली जात आली आहे. जहाज किती टनांचं, कुठे बांधलेलं, मालक कोण, कप्तान कोण. जुने अंक इंटरनेटवर मोफत पाहायला मिळतात. एक काळजी घ्यावी. एकाच नावाची अनेक जहाजं एकाच वेळी समुद्रात असत, तेव्हा टनांचा आकडा आणि कप्तानाचं नाव जुळतं का ते पाहावं. मुंबईच्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत बंदरात आलेल्या-गेलेल्या जहाजांच्या बातम्या येत. ‘बॉम्बे टाइम्स’ १८३८ मध्ये सुरू झालं. निघाल्याची तारीख तिथे आणि पोचल्याची तारीख मॉरिशसच्या वहीत मिळाली, तर प्रवासाचे दिवस मोजता येतात. मुंबई सरकारचे जुने कागद काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत.

पाचवी पायरी शेजाऱ्यांची. माणसं एकटी क्वचित निघत. भाऊ, मेहुणा, वाडीतला सोबती बरोबर असे, आणि रांगेत मागेपुढे उभे राहिले की त्यांचे क्रमांकही मागेपुढे येतात. आपल्या माणसाचं गाव वाचता येत नसेल तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकाचं गाव वाचावं.

मॉरिशसच नव्हे, इतर ठिकाणच्या वसाहतींच्याही अशा याद्या आहेत. फिजीला पहिलं जहाज ‘लिओनिडास’ १८७९ मध्ये पोचलं, नाताळला ‘ट्रुरो’ १८६० मध्ये, त्रिनिदादला ‘फातेल रझाक’ १८४५ मध्ये, सुरीनामला ‘लल्ला रूख’ १८७३ मध्ये. सुरीनामच्या याद्या नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर ठेवल्या आहेत. नाव टाकलं की नोंद उघडते. वर्गात दाखवायला ही सोय फार उपयोगी पडते.

माझी चूक

आता त्या तालुक्याच्या प्रश्नाकडे येते.

त्या रात्री मी जिल्ह्याची गावयादी काढून बसले. कागदावरच्या नावाशी उच्चाराने जुळणारी तीन गावं निघाली. दोन आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात. त्यांतल्या एका गावात मी त्यांना नेलं होतं, आणि का? तर ते जवळ होतं आणि मला माहीत होतं म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

कळवायचं की नाही, यात माझे आठ दिवस गेले. घरचे म्हणाले, “कशाला? समाधानाने गेलेत ते. त्यांना कुठे कळणार आहे?” मलाही मनातून तेच बरं वाटत होतं. पण वर्गात ती चार मुलं बसलेली होती. साधनं तपासून घ्यावीत, असं त्यांना मी कोणत्या तोंडाने शिकवणार होते? शेवटी ई-मेल लिहिला. झालेली घाई कबूल केली, तिन्ही गावांची नावं दिली, आणि मूळ पानाची प्रत मागवता आली तर पाहा, असं सुचवलं.

बाईंचं उत्तर दोन दिवसांत आलं. “माती तुळशीत घातली. आता ती वेगळी काढता येणार नाय. पण सांगितलंत ते बरं केलंत. मी नातवंडांना चुकीचं सांगत बसले असते.”

काही महिन्यांनी त्यांनी मूळ पानाचा फोटो पाठवला. तो आम्ही वर्गात मोठा करून पडद्यावर लावला. काकांनी उतरवताना एक अक्षर चुकलं होतं. ते बरोबर वाचल्यावर तीनांपैकी एक गाव बाद झालं. आम्ही त्यांना नेलं होतं तेच.

दोन उरली. मग मुलांनीच पुढचा क्रमांक वाचला. त्या माणसाचं गाव स्पष्ट होतं, आणि ते सिंधुदुर्गातल्या त्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मुलं ओरडलीच, “बाई, सापडलं!” मी विचारलं, “नक्की?” बराच वेळ वाद झाला. दोघे मागेपुढे उभे होते म्हणजे एकाच बाजूचे होते, असं ठरतं का? मुंबईच्या धक्क्यावरही त्यांची ओळख झालेली असू शकते. शेवटी तालुक्याचा प्रश्न विचारणारी मुलगी उठली आणि तिने फळ्यावर गावाच्या नावाआधी एक शब्द लिहिला : ‘बहुधा’. तसंच आम्ही मॉरिशसला कळवलं.

ते जोडपं अजून पुन्हा आलेलं नाही. बाईंचे गुडघे दुखतात. येतील तेव्हा कुठे न्यायचं ते ठरलेलं आहे, आणि तिथे गेल्यावर ‘बहुधा’ हा शब्द आधी उच्चारायचा, हेही ठरलेलं आहे.

वर्गात घ्यायच्या कृती

कृती १ : कानगोष्टीचं रजिस्टर. एका मुलाने आपल्या पणजीचं किंवा पणजोबांचं नाव आणि गाव दुसऱ्याच्या कानात एकदाच सांगायचं. दुसऱ्याने ते इंग्रजी अक्षरांत लिहायचं. तिसऱ्याने तो कागद वाचून मराठीत लिहायचं. मग मूळ नाव आणि शेवटचं नाव फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. कोळथरे, हर्णै, कुणकेश्वर अशी नावं घ्या, वर्गात हशा पिकतो. हसून झालं की विचारा, “हा कागद दीडशे वर्षांनी कुणाच्या हाती पडला तर?”

कृती २ : गणिताची जोड. मुंबई ते मॉरिशस सरळ रेषेत सुमारे ४६०० किलोमीटर. शिडाच्या जहाजाला ३५ दिवस लागले असं धरू. दिवसाला किती किलोमीटर? सुमारे १३१. तासाला? साडेपाचच्या आसपास. म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका वेग! जहाज सरळ रेषेत जात नसे, वाऱ्याप्रमाणे वळत असे, हेही सांगा. मग विचारा, पस्तीस दिवस पुरेल एवढं पाणी बरोबर न्यायचं तर काय काय ठरवावं लागेल? पाच रुपये महिन्याप्रमाणे पाच वर्षांचे किती? हिशेब ३०० रुपयांचा. गैरहजेरीबद्दल पगार कापला जाई, म्हणून तेवढे हाती पडत नसत.

कृती ३ : जुनं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेच्या सर्वांत जुन्या रजिस्टरातलं एक पान दाखवा. जातीचा रकाना आणि ओळख पटेल असा मजकूर झाकून घ्या. १ जून किती वेळा आला ते मुलांना मोजू द्या. शाळा सोडण्याच्या कारणात ‘मुंबईस गेला’ अशी नोंद असेल तर तिच्यावर बोला.

कृती ४ : नकाशा. आजच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून १९८१ पूर्वीचा रत्नागिरी जिल्हा काढा. आपल्या गावाच्या नावाचं दुसरं गाव त्यात सापडतं का, ते शोधा.

कृती ५ : खात्रीच्या तीन पायऱ्या. प्रत्येक विधानापुढे मुलांनी ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी एक लिहायचं, आणि कारण एका वाक्यात द्यायचं. ‘माहीत नाही’ला पूर्ण गुण द्या. ही सवय लागायला वेळ लागतो, कारण आपल्या परीक्षांत या उत्तराला कधी गुण मिळालेले नाहीत.

पालकांसाठी दोन शब्द

तुमच्या घरातून कुणी मॉरिशसला गेलं नसेलही. पण कोकणात बोटीवर नोकरी केलेला माणूस नाही असं घर कमी. आजोबांच्या ट्रंकेत सीडीसी असेल, बंदरांचे शिक्के मारलेला जुना पासपोर्ट असेल, कुठल्याशा परक्या बंदरातून घरी पाठवलेलं पत्र असेल. आणि घाटावरच्या घरांत रेल्वेचं, गिरणीचं, पलटणीचं पुस्तक असेल. रद्दीत देण्याआधी ते एकदा मुलांना वाचू द्या. कागदाचा फोटो काढून ठेवा, मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यावर सेलोटेप चिकटवू नका. कागद कुणाचा, कुठे मिळाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

आणि ज्या घरात असा कागदच नाही, तिथल्या मुलाला कमीपणा वाटू देऊ नका. कागद उरणं हा बराचसा योगायोग असतो. समुद्रापार गेलेल्या गड्याची नोंद राहिली, कारण कुणाला तरी त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं. मागे गावात राहिलेल्या त्याच्या आईची नोंद कुठल्याच वहीत नाही. ती त्याची वाट पाहत होती, हे आपण कागदाशिवायच समजून घ्यायचं असतं. ते मुलांना जमतं, आपण फक्त विचारायला हवं.

स्वाध्याय

१. जहाजाच्या नोंदवहीतले आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधले सारखे रकाने कोणते? वेगळे कोणते?
२. नाव, वय आणि क्रमांक यांपैकी सर्वांत भरवशाचं काय? का?
३. उतरवून घेतलेला कागद आणि मूळ पान यांत फरक पडण्याची दोन कारणे लिहा.
४. या लेखातल्या बाई पहिल्या दिवशी कुठे चुकल्या? तुम्ही असता तर कोणता प्रश्न आधी विचारला असता?
५. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलून त्यांनी केलेल्या एका लांबच्या प्रवासाची दहा ओळींत नोंद करा. ‘ऐकलेलं’ आणि ‘कागदावर असलेलं’ वेगवेगळं दाखवा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं माझ्या वर्गाने फार मोकळेपणाने लिहिली. तुमच्या वर्गातली मुलं काय लिहितात, ते जरूर कळवा.